जनकाबाईचा फोटो

“डॉक्टरसायब, ह्यो फोटो मला पायजे,” जळबा म्हणाला.

विमा कंपन्या बिलांना कात्री लावतात म्हणून जिल्ह्यातल्या डॉक्टरांचा आज हिंगोलीला मोर्चा होता. वसमतच्या या छोट्या दवाखान्यापुढे गाडी तयार होती. डॉ. विश्वजीतांनी दंडाला काळी फीत बांधली होती आणि नर्स सरिताच्या हातात फलक होता. त्यावर जळबाच्या बायकोचा, जनकाबाईचा, मोठा केलेला फोटो होता. डोंगरकडा गावाहून आलेला म्हातारा त्याच्यापुढेच थबकला.

तो फोटो सरितानंच काढला होता.

जनकाबाई न्यूमोनियानं भरती झाली होती. लेकाच्या नोकरीतला विमा होता, पण खाटेवरच्या पेशंटचा फोटो पाठवल्याशिवाय कंपनी पुढचं बोलत नाही. सरितानं मोबाईल धरला तशी म्हातारी ऑक्सिजनच्या मास्कला हात घालत म्हणाली, “ह्ये काढ माय. तोंड झाकून फोटो असतो व्हय कुठं?” सरितानं घटकाभर मास्क खाली ओढला, केस विंचरून दिले, पदर नीट केला. जनकाबाई उसना दम आणून उठून बसली आणि अशी छान हसली की सरितालाही हसू आलं.

कंपनीनं तो फोटो बघूनच कळवलं, पेशंट ठणठणीत दिसतो, ऑक्सिजनची गरज वाटत नाही, बिल मंजूर होणार नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाठवले, फोनवर भांडभांड भांडले. पण ऐकतो कोण! जन्मात कुणाच्या छातीला नळी न लावलेली माणसं ती. “राहू द्या त्यांना, बिलाचं मी बघतो,” असं डॉक्टरांनी विनवलं. जळबा मात्र ताठ्याचा. “फुकटात न्हाई राहायचं आमाला,” म्हणत त्यानं बायकोला घरी नेलं. घरीच ती गेली.

“घरात तिचा दुसरा फोटोच न्हाई,” जळबा सांगत होता. “आधारवर हाय, पर त्यात ती वळखूच येत न्हाई.”

सरिताला राहवलं नाही. “बाबा, माझंच चुकलं. मी मास्क काढायला नको होता.”

“तू काढला नसता तर तिनं काढला असता. लई हट्टी होती.” म्हाताऱ्यानं फोटोवरून हात फिरवला. “म्या काहून नेलं तिला घरी, ह्येच मनात येऊन राहिलं, पोरी.”

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. डॉक्टर पुढे आले. “नाना, तुमच्या लेकाला विचारून फलक केला. पण तुमचं मन नसेल तर नेत नाही.”

“न्या. बघू द्या लोकायला. मंग मला द्या.” गाडीचं दार लागता लागता तो पुन्हा जवळ आला. “पर खाली ठेवू नका तिला.”

हिंगोलीत कलेक्टर कचेरीपुढे घोषणा झाल्या, भाषणं झाली. साहेब मीटिंगमध्ये होते. वाट बघून बघून डॉक्टर मंडळी लिंबाखाली टेकली. फलक मातीत एकावर एक पडले, कुणी त्यांच्यावरच बसकण मारली.

“सिस्टर, ठेवा की तो खाली. हात भरून येतील,” कुणीतरी म्हणालं.

“नको,” सरिता म्हणाली. फलक मांडीवर घेऊन ती बसून राहिली. लिंबाची सावली सरकली आणि ऊन जनकाबाईच्या हसऱ्या तोंडावर आलं, तेव्हा तिनं आपली ओढणी पुढे धरली.