पाच खटक्यांचा डबा

ज्या वर्षी धाकट्या काकाचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलीशी ठरलं, त्या वर्षी बाबांनी दुकान नव्या वस्तीत हलवलं आणि मुंगी नव्या शाळेत तिसरीच्या वर्गात जाऊन बसली. मुंगी हे तिचं घरातलं नाव. अंगापेक्षा दप्तर मोठं, म्हणून काकानेच ते ठेवलं होतं. बाबा कुलूपवाले. लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या करून द्यायचे, नवी कुलपं बनवायचे, आणि घरी आले की त्यांच्या बोटांना कानशीच्या लोखंडी चुऱ्याचा वास यायचा.

शाळेत मधल्या सुट्टीची एक रीत होती. मागच्या पायऱ्यांवर मुली गोल करून बसायच्या. सगळ्या डब्यांची झाकणं मधे मांडायची आणि जिने-तिने आपल्यातलं थोडं-थोडं प्रत्येक झाकणात टाकायचं. अकरा मुली, अकरा झाकणं. मात्र गोलात आपण होऊन जाऊन बसायचं नाही. आतून कुणीतरी "ये" म्हणावं लागायचं, आणि ते म्हणायचं काम शेंगेचं. शेंग म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच, काटकुळी मुलगी. तिने तीन आठवडे मुंगीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मुंगी पाण्याच्या नळापाशी उभ्या-उभ्या आपला बटाटा खायची आणि तिकडचं हसणं ऐकायची. तिला दुसरं काही नको होतं. त्या गोलात बारावं झाकण आपलं असावं, एवढंच.

एक दिवस तिच्या जुन्या डब्याची कडी सुटली आणि टोमॅटोचा रस्सा गणिताच्या वहीत शिरला. बाबांनी वही उन्हात धरली.

"अख्ख्या वस्तीची दारं मी बंद करतो, आणि माझ्याच पोरीचा डबा उघडा पडतो?" ते म्हणाले. त्यांना ते फार लागलं.

तीन संध्याकाळी खपून त्यांनी नवा डबा केला. जाड पत्रा, पितळी बिजागरी, आणि झाकणात बसवलेलं खरंखुरं कुलूप, पाच खटक्यांचं.

"डबा आहे की तिजोरी?" आईने विचारलं.

"दोन बटाटे आणि एक अंडं," काका म्हणाला. "त्याला पहारेकरी पण ठेव, दादा."

"तू आधी तुझं लग्न नीट बंद कर," बाबा म्हणाले. "सारखं उघडतंय."

सकाळी आईने डबा भरला, बाबांनी कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं आणि मुंगीला शाळेत पाठवलं. कुलूप लावलं की किल्ली खिशात टाकायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय. किल्ली खिशात गेली आणि खिसा दुकानात गेला.

मधल्या सुट्टीत नळापाशी मुंगीने डबा काढला आणि दप्तरात किल्ली शोधली, ती नव्हती. तिने झाकण ओढलं, नखाने उचकटलं, डबा गुडघ्यावर आपटला. तो आवाज पायऱ्यांपर्यंत गेला.

"काय करतेस गं?" शेंगेने तिथूनच विचारलं.

"डबा उघडत नाही."

"का?"

"कुलूप आहे."

अकराच्या अकरा जणी उठून आल्या. शेंगेने डबा हातात घेऊन वजन पाहिलं, कानापाशी हलवला. "डब्याला कुलूप? आत आहे तरी काय?"

मुंगीला बटाटे म्हणायची लाज वाटली. ती गप्प राहिली, आणि गप्प राहणाऱ्याच्या डब्यात काहीही असू शकतं. एकीने केक म्हटलं, दुसरीने अख्खी कोंबडी. डबा पायऱ्यांवर गेला. कुणी केसातली पिन घातली, कुणी कंपासचं टोक, कुणी चमच्याचा दांडा. कुलूप ढिम्म.

"आणि तू काय खाणार मग?" शेंगेच्या मधेच ध्यानात आलं. तिने आपल्या डब्याचं झाकण मुंगीपुढे सरकवलं. "ये. बस इथे."

मुंगीने त्या दिवशी अकरा डब्यांतलं खाल्लं. लोणी लावलेला पाव, गाजर, दहीभात, कुणाच्या तरी आजीचा मुरंबा. घरी आली तर बाबा दारातच कपाळावर हात मारून उभे. "उपाशी राहिलीस ना गं?"

"नाही," ती म्हणाली. बाबांना वाटलं पोरगी समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातली. मधल्या सुट्टीत अकरा जणी वाटच पाहत होत्या. मुंगीचा हात गळ्यापाशी गेला आणि थांबला. आत दोन बटाटे. एकदा दिसले की संपलं, पुन्हा तो नळ आणि आपण.

"किल्ली विसरली," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही विसरली, चौथ्या दिवशीही. शेंग डब्यावर वाकून घाम गाळायची आणि बाकीच्या मुंगीला भरवायच्या. घरी जाताना पोस्टाच्या मागच्या भिंतीशी बसून मुंगी डबा उघडायची आणि गार बटाटे संपवायची. आई म्हणाली, "नवी शाळा अंगी लागली हिला." खरंच लागली होती. आठवड्यात गाल वर आले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी डबा दिव्याखाली धरला. बाकीचे लोक पाटी वाचतात तसे ते ओरखडे वाचायचे.

"ही केसातली पिन," ते म्हणाले. "हा कंपास. हा चमचा. आणि हे रोज एकाच हाताचं काम, डावखुऱ्या मुलीचं, चिकाटीची दिसते. किल्ली गळ्यात असताना यांना एवढे कष्ट कशाला गं?"

मुंगी रडली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाबा ऐकत राहिले. नुसतं एवढंच म्हणाले, "पण उघडलं नाही ना कुणालाच?" आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते हत्यारांची पिशवी घेऊन शाळेत हजर. मुंगीला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर किल्ली मागणार.

बाबा पायरीवर बसले. "किल्ली सापडत नाही म्हणे. मग कुलूपच शिकलं पाहिजे. डावखुरी कोण तुमच्यात?"

शेंगेने घाबरत हात वर केला. बाबांनी तिला वाकवलेल्या तारा दिल्या. "एका तारेने हलका दाब ठेव, दुसरीने एकेक खटका उचल. जोर नको. कान दे." अकरा जणींनी श्वास धरला. एक खटका, दोन, तीन. चौथा दोनदा निसटला. पाचवा उचलला आणि झाकण आपोआप वर आलं.

आत दोन बटाटे आणि एक अंडं.

मुंगीने डोळे मिटले.

"एवढंच?" मागून एकीने म्हटलं.

"एवढंच म्हणजे?" शेंग फिरून म्हणाली. "मी उघडलंय. पहिला घास माझा."

मग जी झुंबड उडाली. पट्टीने मापून बटाट्यांचे बारा तुकडे केले, अंड्याचे दोऱ्याने बारा. नखाएवढा तुकडा जी-ती डोळे मिटून खात होती. झाकणं मधे मांडली तेव्हा बारावं मुंगीचं होतं, पितळी बिजागरीला लटकलेलं, कारण ते डब्यापासून निघतच नव्हतं. अख्खा डबा मधे ठेवावा लागला.

सुट्टी संपताना शेंग हळूच म्हणाली, "दोरी मला दुसऱ्या दिवशीच दिसली होती, गळ्यातली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू गेली असतीस नळापाशी."

त्यानंतर महिनाभर शाळेतलं खडूचं कपाट बंद राहीना. शेवटी मुख्याध्यापकबाईंनी बाबांनाच बोलावून त्याला सात खटक्यांचं कुलूप बसवून घेतलं. बाबा शेंगेला बजावून आले, याला हात लावायचा नाही. तिला चार दिवस लागले.

मुंगीचे बाबा तिच्या थोरल्या मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात, दुकानातच बसल्या-बसल्या गेले. शेंग गेल्या वर्षी मार्च महिन्यात वारली, एकाहत्तराव्या वर्षी.