वाघ काय म्हणतो?

कुआंगने गारगोटी तोफेच्या पाठीवर ठोकली आणि कान लावला. आवाज बद्द आला.

गारगोटी नीट लागली नसेल, अशी स्वतःची समजूत घालून त्याने पुन्हा ठोकली. बद्द. मग जागा बदलून, गळ्याजवळ बांधलेल्या लाल रेशमाच्या खाली, तिसऱ्यांदा. रोज सकाळी टण्ण करून उठणारं लोखंड आज फुटक्या मडक्यासारखं वाजत होतं. वरून पाहावं तर ओरखडासुद्धा नाही. चीर आत होती.

"काय म्हणतो वाघ?" पलीकडे भाताचं पातेलं उतरवत हुओने विचारलं.

हा त्याचा रोजचा प्रश्न. तेवीस वर्षं दारू ठासून ठासून हुओचे दोन्ही कान गेले होते. वाघाचा, म्हणजे तोफेचा, आवाज त्याला कधीच ऐकू येत नसे, म्हणून तो कुआंगला विचारी आणि कुआंग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगे.

"भूक लागलीय म्हणतो!" कुआंग ओरडला.

रोजचंच उत्तर होतं. फक्त आज ते खोटं होतं, आणि ते तोंडातून कसं निघून गेलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

हुओने भाताची एक मूठ वळून तोफेच्या तोंडापुढे ठेवली, क्षणभर हात जोडले आणि मग तीच मूठ उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. आधी वाघाने खायचं, मग टोळीने, असा तोफखान्याचा नेम. वाघाचं उष्टं वाया जाऊ नये हा हुओचा स्वतःचा नेम.

तोफ तशी लहान. दोन माणसांनी खांद्यावरच्या दांडीला लटकवून न्यावी एवढी. पुढे लोखंडाचे दोन पंजे, त्यांवर तोंड वर करून बसलेली. म्हणून तिला दबा धरलेला वाघ म्हणत. पंजे खिळ्यांनी जमिनीत ठोकले नाहीत तर बार उडताच वाघ मागे झेप घेई आणि आपल्याच माणसाच्या बरगड्या मोडी. बत्ती देणाऱ्याला मात्र तिच्या कुशीतच उभं राहावं लागे. सतरा वर्षं बत्ती कुआंगच देत होता, आणि सतरा वर्षं प्रत्येक वेळी त्याला भीती वाटत होती. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

नुसतं मरणाचं भय असतं तर एक वेळ चाललं असतं. कुआंगचं घर शिपायाचं घर होतं. पणजोबाच्या काळी छावणीच्या वहीत नाव चढलं ते चढलं. एक माणूस मेला की त्याच घरातला दुसरा उचलून आणायचा, हा कायदा. बाप गेला तेव्हा कुआंगला शेतातून असाच आणला होता, पायांवरचं चिखलपाणीसुद्धा धुऊ दिलं नव्हतं. आता वहीत त्याच्या नावाखाली एकच नाव होतं. देफिंग, धाकटा भाऊ. गावी सोयाबीनचं पनीर विकून पोट भरणारा, तीन मुलींचा बाप, फटाका उडाला तरी कानात बोटं घालणारा. त्याला हे लोक या तोफेच्या कुशीत उभा करतील, हे भय कुआंगला मरणाहून मोठं होतं.

भात तसाच टाकून तो टोळीच्या नायकाकडे गेला. नायक जियाओ चिलखताचे पट्टे आवळत होता.

"नायकसाहेब, तोफ बद्द वाजतेय."

"म्हणजे?"

"आत चीर असावी. आज बार नको, साहेब."

जियाओने मान वर केली. "काल सरदारांनी स्वतःच्या हाताने तिला रेशीम बांधलं. सेनापती अशी पदवी दिली. साऱ्या छावणीने गुडघे टेकले, तूही टेकलेस. आणि आज मी त्यांना जाऊन सांगू, की तुमचा सेनापती भंगारात काढा?"

"एकदा ठोकून तरी पाहा."

"मी काय कुंभार आहे? नीट ऐक. चीर पडली असेल, तर ती कुणाच्या हयगयीने? तुझ्या. चाळीस फटके. मागच्या साली त्या पश्चिमेकडच्या टोळीतला गोलंदाज पंचविसाव्यालाच गेला. आणि तू गेलास की वही उघडावी लागेल. कोण आहे रे तुझ्यामागे?"

कुआंगने हातातली गारगोटी कमरेला खोचली.

"मग जा," जियाओ म्हणाला, जरा खालच्या आवाजात. त्यालाही भीती वाटत होती. फक्त त्याची भीती वरच्या दिशेला होती. "तीन बारांत दरवाजा पडेल. तीनच."

समुद्रावरच्या लुटारूंनी खाडीकाठचं मिठागरांचं गाव महिन्यापूर्वी बळकावलं होतं आणि ते गावाच्याच तटामागे दबून बसले होते. तटाला एकच लाकडी दरवाजा. सूर्य हातभर वर आला तेव्हा कुआंग आणि हुओ दांडी खांद्यावर घेऊन मिठागराच्या बांधावरून निघाले. पुढे हुओ, मागे कुआंग, मध्ये लाल रेशीम मिरवणारा वाघ.

"ए हुओ!" बांधालगतच्या चरात दबून बसलेल्या भालेकऱ्यांतला एक जण ओरडला. "आज मेलास तर वर खर्चायला तुझ्या नावाने कागदी पैसे कोण जाळणार रे? तुझ्या घरी तर पितरंसुद्धा उपाशी निजतात!"

बाकीचे हसले. हुओची बायको बाळंतपणात गेली होती, पोरही गेलं होतं. भाऊबंद नव्हते. वहीत त्याच्या नावाखाली कोरा कागद होता, आणि छावणीत कुणाचं डोकं फिरलं की राग काढायला ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. हुओला ऐकू आलं नसावं. तो आपल्याच तंद्रीत चालला होता.

बांधाच्या वळणावर दम खायला थांबले तेव्हा तो मागे न बघताच बोलला, "तीनदा ठोकलीस."

"काय?" कुआंग दचकून ओरडला.

"सकाळी. रोज एकदा ठोकतोस. आज तीनदा. माझे कान गेलेत बाबा, डोळे नाही गेले."

कुआंगला वाटलं जमीन फाटावी. तो हुओच्या कानाशी वाकला. "दादा, मी सांगितलं नायकाला. ऐकत नाही. मला... मला फार भ्या वाटतंय, दादा."

सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याने हे बोलून टाकलं.

"वाटणारच. मलाही वाटतं. माझे हात दारूने काळे असतात म्हणून कापताना दिसत नाहीत, एवढंच." हुओने दांडी पुन्हा खांद्यावर घेतली. "चल. दारू थोडी कमी घालतो. बघू."

दरवाज्यापासून शंभर पावलांवर त्यांनी वाघ बसवला. हुओने खिळे ठोकले आणि हातोडा कमरेला खोचला. वीस पावलं मागे बांबूच्या चौकटीवर ओल्या गोधड्या टांगून ढाल उभी केली होती, तिच्या मागे जियाओ बसला. तटावरून बाण येऊन आसपासच्या चिखलात रुतू लागले. हुओने दारू घातली, माती ठासली, छर्रे ओतले, वर मुठीएवढा धोंडा बसवला आणि बाजूला झाला. कुआंगने डोळे मिटले, बत्ती दिली.

बार उडाला. डोळे उघडले तेव्हा तो जिवंत होता. दरवाज्याची एक फळी गेली होती.

दुसऱ्या बाराला बत्ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली. दरवाजा एका बिजागरीवर लोंबकळला, चरातून आरोळी उठली. पण कुआंग दरवाज्याकडे बघतच नव्हता. रेशमाच्या खालून, जिथून कधी येऊ नये तिथून, धुराची बारीक रेघ निघत होती.

"तिसरा!" जियाओ ढालीमागून ओरडला. "तिसरा द्या!"

हुओनेही ती रेघ पाहिली होती. तो मुकाट्याने दारू भरू लागला. या वेळी त्याने ती कमी केली नाही. कमी दारूने तो जड दरवाजा पडणार नव्हता, आणि तो पडला नाही तर चरातली माणसं बाणांखाली तशीच मेली असती. धोंडा बसवून झाल्यावर त्याने कुआंगच्या हातातली बत्तीची काठी काढून घेतली.

"डावा खिळा सैल झालाय. जा, ढालीमागून माझा हातोडा घेऊन ये."

कुआंगने त्याच्या कमरेकडे पाहिलं. हातोडा तिथेच होता. कुआंगने तो पाहिला, हे हुओनेही पाहिलं.

"दादा—"

"तुझ्या जागी देफिंगला आणतील. माझ्या जागी कुणाला आणतील? बोळातल्या मांजरीला?" हुओचे काळे दात दिसले. "जा म्हणतो ना. मला ऐकू येत नाही, उगाच वाद घालू नकोस."

कुआंग म्हणू शकला असता, की हातोडा तुझ्या कमरेलाच आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण त्याचे पाय वळले. आधी चालत, मग पळत, तो ढालीकडे निघाला आणि ओल्या गोधडीमागे पडला. पडता पडताच आवाज झाला. तो बाराचा आवाज नव्हता.

दरवाजा पडला. भालेकरी पडलेल्या कुआंगच्या अंगावरून ओरडत पुढे गेले, आणि मघाशी हुओला चिडवणारा तोही त्यांत होता. धूर विरल्यावर बांधावर दोन पंजे तेवढे उरले होते, जमिनीत घट्ट ठोकलेले. एकही खिळा सैल नव्हता.

चौथ्या दिवशी कारकून वही घेऊन आला. त्याने हुओच्या नावावर रेघ मारली आणि सवयीने विचारलं, "याच्यामागे कोण?"

"कोणी नाही."

कारकुनाने पान उलटून पाहिलं, खरंच कोरं होतं. त्याने 'घर संपलं' असे शब्द लिहिले आणि साक्षीला कुआंगचा अंगठा घेतला. शाई पुसायला चिंधी देताना तो बरं वाटावं म्हणून म्हणाला, "चला, एक काम वाचलं." कुआंगने चिंधी घेतली नाही.

त्याने देफिंगला निरोप धाडला, की वसंतात पितरांच्या कबरी झाडायला जाशील तेव्हा हुओच्या नावाने एक ओंजळ कागद जास्त जाळ, आणि मुलींना सांग की हा तुमचा थोरला काका. का, ते लिहवून घेण्याची हिंमत त्याला झाली नाही.

पंधरवड्याने नवी तोफ आली. दारू ठासायला डोंगराकडचा एक बडबड्या माणूस दिला होता. सकाळी त्याने नेमाप्रमाणे भाताची मूठ वळून वाघाच्या तोंडापुढे ठेवली आणि स्वतःचा वाडगा घेऊन दूर जाऊन बसला.

कुआंगने गारगोटी ठोकली. टण्ण. लोखंड खणखणीत होतं, कितीतरी वेळ घुमत राहिलं. तो कान लावून तसाच वाकून राहिला. कुणी काही विचारलं नाही.

मग तो डावीकडे, पातेल्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे झुकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडला, "भूक लागलीय म्हणतो!"

नवा माणूस दचकून बघू लागला. कुआंग खाली बसला आणि जेवू लागला. तोफेपुढची मूठ दुपारपर्यंत तशीच होती, वाळून तिचे दाणे सुटे होऊ लागले होते.