पेटीतल्या शाळेची वाट

पुराने गाव धुऊन नेलं आणि सगळी बिऱ्हाडं धान्याच्या एका रिकाम्या गोदामात येऊन पडली. त्यांच्या मागोमाग आली एक पत्र्याची पेटी. पेटीत अख्खी शाळा होती. पाट्या, खडू, बोथट कात्र्या, पुठ्ठ्याचं घड्याळ. झाकण उभं केलं की त्याची आतली काळी बाजू म्हणजे फळा. बाईंची खरी शाळा चिखलाखाली गेली होती, त्यामुळे पेटी बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

पेटी आणणारा ड्रायव्हर मात्र स्पष्ट बोलला. "आठवडाभर बघतो बाई. मुलं रमली नाहीत तर पलीकडच्या छावणीला देईन. तिथले लोक हात धुऊन मागे लागलेत."

मुलं बसली, पण नुसतीच बसली. बेरीज रंगात यावी तर हाक यायची, "धाकट्याला जरा घे गं!" एक आजोबा सतरंजीवर पडल्या पडल्या सगळी उत्तरं आधीच सांगून टाकायचे. त्यांना वर्गाबाहेर काढावं, तर ते वर्गात होतेच कुठे? चिमणी नावाची पोर आईचं बोट सोडून यायला तयार नव्हती. खरं सांगायचं तर आईच सोडत नव्हती. आणि "शाळा सुटली!" म्हटलं तरी एकही मूल जागचं हलायचं नाही. सुटून जाणार कुठे?

आठवडा संपत आला तेव्हा बाईंना रडू आलं, आणि रडता रडताच डोक्यात उजेड पडला. त्यांनी कोपऱ्यात ताडपत्री टांगली, पेटी पलीकडे नेली आणि जाहीर केलं, "उद्यापासून शाळेत यायचं ते मागच्या दाराने. पुढून बाहेर पडा, गोदामाला वळसा घाला आणि मग या."

"दोन हातांवर तर शाळा!" आजोबा म्हणाले. "हा कसला द्राविडी प्राणायाम?"

"शाळा आली हो, आजोबा. पण मुलांना शाळेत जायला मिळालंच नाही."

सकाळी कुठून कुठून कंगवे निघाले. "डबक्यात पाय घालू नकोस," "सरळ जा," अशा सूचना सुरू झाल्या. चिमणीची आई दारात थबकली. "बाई, हिला कुठपर्यंत सोडू?"

"दारापर्यंत. बाकीच्या आया तेवढंच सोडतायत."

बाई पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक मूल आलं. चिमणी आली नाही. ताडपत्रीच्या अलीकडे बाई आणि पलीकडे आई, दोघीही पावलांची चाहूल घेत होत्या. अखेर पोर आली, एकटीच, चिखलात माखून.

"उशीर का?"

"वाटेत बेडूक होता."

बाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं. पण बाईच त्या, रागावल्या. "उद्या घरून लवकर निघायचं!" म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली. कुठलं घर?

दुपारी ड्रायव्हर पेटी न्यायला मागच्या दारात येऊन उभा राहिला, तेवढ्यात बाई ओरडल्या, "शाळा सुटली!" मग असा काही गिल्ला झाला की ड्रायव्हर भिंतीला चिकटला, आणि पोरं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी बाहेर पळाली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग पेटीला हात न लावताच निघून गेला.

ताडपत्रीपलीकडे धापा टाकत आवाज आला, "आई, मी घरी आले!"

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "आलीस? आधी पाय धू, मग घरात ये."