गव्हर्नरसाहेबांबरोबर फोटो

गुरुवारी तुरुंगात रॉयसला विषाचं इंजेक्शन देऊन मारणार होते, आणि मंगळवारी त्याची आई वर्डा ईस्टरचा निळा झगा घालून विधानभवन बघायला निघाली. बघायला म्हणजे आपलं नावाला. शिक्षा माफ करणं एकट्या गव्हर्नरच्या हातात, आणि हा बाबा वकिलाच्या अर्जाला उत्तर देईना की भेटीची वेळ देईना. पण दर मंगळवारी तो तिथल्या घुमटाखाली उतरून पाहुण्यांशी हात मिळवतो, ही खबर शेजारच्या ओपलनं काढली होती. गाडीही तिचीच.

"पाठ झालं ना?" ओपलनं वाटेत विचारलं.

"साहेब, माझ्या रॉयसनं गोळी झाडली नाही, तो गाडीत बसला होता. त्याला जन्मभर कोंडा, पण मारू नका."

"बास. रडू नकोस, नाहीतर शिपाई बाहेर काढतील."

खून झाला तेव्हा खरंच तो गाडीत होता. झाडणारा दुसराच, पण तो सरकारी साक्षीदार झाला आणि जन्मठेपेवर सुटला. असला हा न्याय!

दारातच पहिली माशी शिंकली. वर्डानं पीच घालून केक केला होता. आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत.

"खायचं काही आत नेता येणार नाही, बाई," पहारेकरी म्हणाला.

"अहो, साहेबांसाठी आहे."

"मग तर मुळीच नाही."

"द्या इकडे," ओपल फणकारली. "बाँब आहे ना त्यात, दालचिनी घातलेला!" आणि केक घेऊन ती गाडीकडे गेली. वर्डा एकटीच आत शिरली.

माहिती सांगणारी मुलगी घुमटाच्या सोन्याबद्दल, संगमरवरी जिन्याबद्दल बोलत होती. सगळ्यांच्या माना वर. वर्डा खाली बघून ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवत होती.

मग गव्हर्नर आला. उंच, हसरा, हाताला ऊब असलेला माणूस. वर्डाला वाटलं होतं राक्षस असेल.

"कुठून आलात, बाई?"

"कॅस हॉलोहून, साहेब."

"वा! तिथले पीच! आमची आई दर उन्हाळ्यात मागवायची. यंदा पीक कसं?"

मोठ्या माणसानं विचारलं की हसून, नीट उत्तर द्यायचं, हे वर्डाच्या हाडीमाशी खिळलेलं. लहानपणी त्यासाठी मार खाल्लेला.

"चांगलं आहे, साहेब. पाऊस वेळेवर झाला."

"देवाची कृपा. इकडे बघा, फोटो!"

वर्डा हसली. फोटो निघाला, हात सुटला, साहेब पुढच्या जोडप्याकडे वळले. "साहेब," ती पुटपुटली, पण त्याला ऐकू गेलं नाही. मधे दोन सुटाबुटातले अंगरक्षक आडवे उभे राहिले, आणि मग जिन्यावर साहेबांची पाठ तेवढी दिसली.

"अगं, तोंड शिवलं होतं का तुझं?" ओपल गाडीत ओरडली.

"त्यानं पिकाचं विचारलं गं. विचारलं त्याचं उत्तर दिलं."

ओपलला मारावंसं वाटलं असेल, पण तिनं वर्डाचा हात घट्ट धरला आणि दोघी रडल्या.

संध्याकाळी तुरुंगातून रॉयसचा फोन आला.

"भेटला, आई?"

"भेटला रे."

"बोललीस?"

वर्डानं टेबलावरच्या केककडे बघितलं. कुणी हात लावला नव्हता.

"बोलले."

"मग? काय म्हणाला?"

"नीट बोलला. हसला माझ्याशी. हात धरला."

पलीकडे रॉयसनं सुस्कारा सोडला. किती तरी महिन्यांनी त्याचा आवाज मोकळा झाला.

"म्हणजे होईल काहीतरी. हसला म्हणजे होईल. आज काय केलंयस गं?"

"पीचचा केक."

"सगळा संपवू नका हां," तो म्हणाला. "माझा तुकडा ठेव."