रोजचं कपभर तेल

तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर धावलेली ती पांढरी व्हॅन गेले तीन महिने रोज कपभर इंजिन ऑइल पीत होती. त्याआधीच्या सहा वर्षांत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तिला एक थेंबही लागला नव्हता.

एकाएकी जडलेल्या व्यसनांवर वहिनींचा विश्वास नव्हता. लग्नाआधी नऊ वर्षं त्यांनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. आता त्या यजमानांसोबत इस्पितळांच्या चादरी धुण्याचा व्यवसाय चालवीत. तीन महिन्यांपूर्वी धुलाईखाना एका इमारतीच्या तळघरात हलवला होता. चादरी वाहणारी गाडी ही एकच. यजमानांना गाडी चालवण्यापुरताच तिचा सोस, म्हणून रोज सकाळी तेल मोजण्याचं काम वहिनींनी स्वतःकडे घेतलं होतं.

त्यांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिला. तो कोरडाच निघाला. रोज तेल घालून झालं की त्या तेलाच्या झाकणावर नेलपॉलिशची रेघ ओढीत. मधल्या वेळेत कोणी झाकण फिरवलं असतं तर रेघ तुटली असती. ती एकदाही तुटली नाही.

"डोळ्यांत इतकं तेल घालून बसतेस," सासूबाई म्हणाल्या, "त्यातलं थोडं गाडीलाच घाल."

गॅरेज धाकट्या दिरांचं होतं. गाडीमागचा निळा धूर पाहून भावोजींनी निदान केलं, की पिस्टनच्या रिंगा गेल्या, आता इंजिनच बदला. अपघातातल्या अशाच एका व्हॅनचं धड इंजिन त्यांच्याकडे ताडपत्रीखाली पडलेलं होतं. ते कधी आलं, असं वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं. तीन महिने झाले, असं उत्तर मिळालं.

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे वहिनींनी त्या संध्याकाळी यजमानांना सांगितलं.

"माझा भाऊ तुला फसवेल?"

"फसवेल असं म्हणत नाही. तारखा जुळतात, एवढंच म्हणतेय."

यजमान दोन दिवस मीठ मागण्यापुरतंच बोलले. शनिवारी इंजिन उतरवायचं ठरलेलं होतं. नकार द्यावा आणि गाडी भर रस्त्यात बंद पडावी, तर इस्पितळं दुसरा धोबी शोधणार. होकार द्यावा, तर धडधाकट इंजिन भंगारात जाण्याची शक्यता. आणि संशय बोलून दाखवावा, तर दोन भाऊ एका ताटात जेवायचे ते एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत.

शुक्रवारी धुलाईखान्याच्या दारात पाण्याच्या पाईपांसाठी खणलं होतं, म्हणून गाडी रात्रभर घरासमोरच्या सपाट रस्त्यावर राहिली. शनिवारी सकाळी वहिनींनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. पट्टी पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं, मग तिसऱ्यांदा. झाकणावरची रेघ शाबूत होती. म्हणजे तेल कोणी घातलेलं नव्हतं.

त्या गाडी घेऊन थेट गॅरेजात गेल्या. भावोजींनीही मोजलं आणि कपाळाला आठी घातली.

"वहिनी, रोज तेल कुठे मोजता?"

"धुलाईखान्याच्या दारात. गाडी उलटी खाली घेऊन लावतात ना, तिथे."

"उतारावर?"

भावोजींनी गाडी गॅरेजातल्या चढावर, तोंड वर करून लावली आणि दहा मिनिटं थांबले. पट्टी काढली तेव्हा तेल खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं.

"आणि घालतं कोण?"

"मी."

भावोजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी जादा तेल काढलं आणि गाडी तासभर फिरवून आणली. धूर आधी विरळ झाला, मग थांबला.

"संशय माझ्यावर होता ना?"

"होता."

"मग आज जेवायला तुमच्याकडे."

घरी येऊन वहिनींनी तेलाची वही उघडली. तारीख, किलोमीटर, माल, हवा असे सगळे रकाने होते, जागेचा नव्हता. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं:

'गाडी उतारावर तोंड वर करून उभी असता तेल मागे सरकते. डिपस्टिक पुढच्या बाजूला आहे, म्हणून पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते. ती पाहून मी रोज तेल घालत होते. जादा तेल उसळून हवेच्या नळीतून इंजिनात जाऊन जळत होते, धूर त्याचाच. जेवढे जळे, तेवढेच मी दुसऱ्या दिवशी भरत होते. इंजिन ठीक आहे. बदलायचे नाही.'