डब्यातली कानबाई

मी दुसरीपर्यंतच शिकले, तरी डबा कसा भरावा हे मला कोणी सांगू नये. साडेसहाची धुळे गाडी शिंदखेड्याच्या स्टँडवरून सुटते आणि पाच मिनिटांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते. सव्वा वर्ष मी रोज तिथे उभी राहिले आणि कंडक्टर पितांबरच्या हातात डबा दिला. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत यायचा, आत एक चिठ्ठी. गाडी चुकली असेल कधी, मी चुकले नाही.

डबा माझ्या नातीचा. नाव ज्योत्स्ना, पण एवढं जड नाव सकाळी सकाळी कोण घेणार? घरात ती जोसना. धुळ्याला खोली घेऊन डी.एड. करत होती, म्हणजे मास्तरीण व्हायचं शिक्षण. आमच्या भाऊबंदकीत गाव सोडून शिकायला गेलेली पहिली पोर. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, चुडामण आबा, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील, त्यांना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पण मेसमधली डाळ तिला सोसेना, तेव्हा परत ये असं मी म्हटलं नाही. डबा काढला.

पहिल्या पोळ्याला पुरणपोळी पाठवली. ती तशीच परत आली. चिठ्ठी नातवाने, भिकनने वाचून दाखवली: "अक्का, इथे पोळा आहे हे कोणाला माहीतच नाही. एक बैल दिसला नाही दिवसभर. जेवण गेलं नाही."

बैल दिसला नाही काय? दुसऱ्या दिवशी पहाटे मी कणीक मळली, गूळ घातला, दोन बैल केले. शिंगांना हळदीत चुना कालवून लाल रंग दिला, पाठीवर शेवेची झूल चढवली आणि डब्यात समोरासमोर उभे केले. संध्याकाळी डबा चाटूनपुसून आला. चिठ्ठीत एवढंच होतं: "शिंगं खाल्ली नाहीत, चुना होता. बाकी सगळं खाल्लं."

तिथून मला नादच लागला. संक्रांतीला तिळाच्या पोळीचा पतंग, त्याला शेवेचं शेपूट. सव्वीस जानेवारीला वर किसलेलं गाजर, मध्ये पांढरा भात, खाली मेथी. चक्रासाठी निळं काही सापडेना, तर शाईचा थेंब टाकायला निघाले होते. सुनेने, लताने, हात धरला म्हणून पोर वाचली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोरी केली आणि तिच्यावर शेवयांच्या दोरांचा झोका, झोक्यावर बसलेली कणकेची जोसना.

मग घरात पोटं दुखू लागली. पोरगा यादव, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, शेतातून येऊन म्हणतो कसा, "माय, मन्हा डबामा बैल कोठे शे?" भिकन दोंडाईच्याच्या कापूस जिनिंगमध्ये कामाला जायचा, त्यालाही पतंग हवा. म्हणजे सणाला तीन डबे. लता कुरकुरली, "अक्का, एवढ्या वेळात मी चार घरचा स्वयंपाक करीन." मी म्हटलं, "कर की. चार घरांना विचारून ये."

आबा एकदा ओट्यावर टेकले होते, तेव्हा त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"सण घरमा ऱ्हास, यादवनी माय. डबामा नही."

"पोर जठे, सण तठे," मी म्हटलं. डोक्यावरचा पदर सरळ होता, आवाजही सरळ होता.

दुसऱ्या वर्षी नागपंचमीला त्या दिवशी तवा ठेवत नाहीत म्हणून उकडून नाग केला. डोळ्यांना दोन मोहऱ्या. डबा उघडल्याबरोबर खोलीतली दुसरी पोर, करुणा, किंचाळून पलंगावर चढली म्हणे. मग फणा तिनेच खाल्ला. ही करुणा साक्रीकडच्या एका खेड्यातली. आई मंदाबाई अंगणवाडीत मदतनीस. त्यांच्या गावाला दिवसातून एकच गाडी, तीही दुपारची. डबा येणार कसा? ती स्टोव्हवर स्वतःची भाकरी थापायची. आमची गाडी चुकली की त्यातली अर्धी जोसनाला. हे मला चिठ्ठ्यांमधूनच कळत होतं.

आणि मग कानबाई आली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी नदीवर पोचवायचं. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजायचे, त्याच पिठाचा रोट करायचा. तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याने शिवायचा नाही, आणि उरलेलं पीठ पुनवेच्या आत घरातच संपवायचं. पोटासाठी सुरतेला गेलेला पोरगाही रोटासाठी गावी येतो.

त्या सोमवारी जोसनाचा पाठ होता. पाठ म्हणजे शाळेच्या वर्गात उभं राहून शिकवायचं, मागे तपासायला बाई बसतात. चुकवला तर वर्ष गेलं. ती येऊ शकत नव्हती.

आबांनी गहू मोजायला बसतानाच तोंड उघडलं. "कानबाईले पोर घर नही, मंग कसानं शिकणं? दोंडाईचानं स्थळ शे. बलाई ल्या तिले."

यादवने मान खाली घातली. थोरल्यासमोर त्याची मान कायम तिकडेच असते.

मी मुठी टाकत होते. यादवची, भिकनची, आबांची, त्यांच्या पोरांची. शेवटी आणखी एक टाकली.

"हाई मूठ कोनी?" आबांनी विचारलं.

"जोसनानी."

"पोरना नावनी मूठ कधी ऱ्हास का? पोर परघरनी."

"जाई तव्हय जाई. आज ते मन्हीच शे."

"काढ ती."

मी काढली. चौदाव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून कानबाईचे गहू मी निवडते, मीच दळते, आणि त्यात माझ्या नावाचा दाणा आजपर्यंत पडलेला नाही. आबा आंघोळीला गेले. मी ती मूठ परत टाकली, वर हात फिरवला. आता कोणता दाणा कोणाचा, हे कानबाईलाही निवडून सांगता आलं नसतं.

सोमवारी पहाटे, अजून गाणी चालू होती, तेव्हा मी डबा भरला. खाली रोट, तो चौरंग. त्यावर खोबऱ्याची वाटी उपडी. डोळ्यांना दोन मिरे, नथीला डाळिंबाचा दाणा, कपाळाला कुंकवाचं बोट. खरी कानबाई वाटावी अशी. झाकण लावलं आणि परत उघडलं, खोटं कशाला बोलू? रोट घराबाहेर मी पहिल्यांदाच पाठवत होते. पण जोसना खाणार म्हणजे घरच्यानेच खाल्ला, असा माझा हिशोब होता. पितांबरला म्हटलं, "आडवा करू नको हा डबा. आत बाई बसलीय."

"तिकीट काढू का मग तिचं, अक्का?"

"गाडी हाक."

दुपारी कानबाई पोचवली. संध्याकाळी भाऊबंदकी आमच्या ओट्यावर चहाला बसलेली, आबा मधोमध. तेवढ्यात गाडी आली, डबा आला. मी घाईने आत नेत होते, तर भिकनला कुठली अवदसा आठवली! त्याने रोजच्यासारखी चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचायला लागला. त्याला वाटलं, पोरीचा पाठ कसा झाला ते सगळ्यांना कळेल.

"अक्का, पाठ छान झाला. बाईंनी 'उत्तम' लिहिलं. डबा उघडला तेव्हा मी रडले. कानबाई आम्ही दोघींनी मिळून खाल्ली. रोट मी अर्धा मोडून करुणाला दिला. मला नियम माहीत आहे. पण गाडी चुकली की तिने तिची अर्धी भाकरी मला दिली, दर वेळी. तिच्यासमोर झाकण कसं लावू? तू रागावलीस तरी चालेल."

भिकनचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

"ही करुणा कोण?" आबांनी अगदी शांतपणे विचारलं. "आडनाव काय तिनं?"

भिकनने सांगितलं. बौद्ध घरची पोर, हे आडनावावरूनच सगळ्यांना कळलं. एका जावेने तोंडाला पदर लावला.

आबा उठले. "रोट बाटी गया. बठ्ठं पीठ नदीमा टाका. आनि यादव, सकाय पोरले घर लई ये. शिकणं पुरं."

यादव म्हणाला, "हा, आबा."

जोसनाचं उरलेलं वर्ष त्या दोन शब्दांत चाललं होतं. मी उंबऱ्याबाहेर आले. जेठासमोर, सगळ्या पुरुषांसमोर.

"रोट कोन खास, आबा?"

"भाऊबंद."

"मंग त्या पोरनी खादा. आते ती बी भाऊबंद."

कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. आबांचा चेहरा तांबडा झाला. "तू नियम शिकाडस मले?"

"नियम तुम्हनाच शे. मी फक्त डबा भरा." आणि यादवकडे वळले. "तू कोठेच जावाना नही. पोरकडे मी जास."

रात्री पिठाचा डबा मी उशाशी घेऊन झोपले. नदीत टाकायला कोणी हात घातला असता तर आधी माझ्या डोक्याला लागला असता.

सकाळी यादव गाडीपर्यंत आला. "माय, जोसनाले लई येस ना?"

"काल आबांसमोर विचारलं असतंस, तर आज सांगितलं असतं."

पितांबरने हात पुढे केला. "अक्का, डबा?"

"आज डबा स्वतःच चाललाय." मी चढले, तिकीट काढलं, खिडकीशी बसले. पीठ मांडीवर. गाडी हलली तेव्हा मनात म्हटलं, माय कानबाई, कोपायचं असेल तर माझ्यावर कोप. म्हातारी आहे, सोसेल. पोरींच्या पाठांना हात लावू नको.

धुळ्याची खोली म्हणजे दोन पलंग, एक स्टोव्ह, भिंतीला टेकून पुस्तकं. जोसना मला बघून पांढरी पडली. "अक्का, न्यायला आलीस?"

"भूक लागलीय. परात कुठाय?"

करुणा कोपऱ्यात उभी होती. काळीसावळी, उंच, नजर खाली न घालणारी. मला ती नजर आवडली. ती म्हणाली, "अक्का, चूक माझी. जोसनाला बोलू नका. आणि एक सांगते, आमच्यात देव मानत नाहीत. मी तो देवीचा म्हणून नाही खाल्ला."

"मग कशाचा म्हणून खाल्लास?"

"तुमच्या डब्यातला म्हणून."

"बरोबर खाल्लास. देवीला मान नको देऊ. पिठाला दे, ते मी दळलंय. स्टोव्ह पेटव."

ती पहिल्यांदा हसली. पीठ मळताना मी तिला विचारलं, तुझ्या गावी पुरणात गूळ किती घालतात? ती म्हणाली, तुमच्यापेक्षा कमी, पण भाकरी आमची तुमच्यापेक्षा मऊ. तोंडाळ पोर! असली भाऊबंदकीत एक तरी हवीच होती. तीन रोट झाले, छोटे छोटे. स्टोव्हवर एका बाजूने करपले. जोसनाने सवयीने वाटी शोधली, कानबाई बसवायला. मी म्हटलं, आज नको, आज ती दमलीय. तिघींनी परातीतूनच खाल्लं. शेवटचा तुकडा मी मोडला, तीन वाटे केले, आणि पिठाचा डबा उपडा करून ठोकून दाखवला. चिमूटसुद्धा उरली नाही.

जोसनाने हळूच विचारलं, "मग मी पिशवी भरू?"

"शुक्रवारी काय आहे तुझं?"

"दुसरा पाठ."

"मग पुस्तक भर डोक्यात."

संध्याकाळी मी एकटीच गल्लीच्या तोंडाशी उतरले. आबा ओट्यावर बसूनच होते, यादव शेजारी उभा. दोघांनी माझ्या मागे पाहिलं. गाडी निघून गेली तरी पाहत राहिले.

"पोर कोठे शे?" आबा म्हणाले.

"धुयाले. शुक्रवारे तिना दुसरा पाठ शे."

"आनि पीठ?"

"सरनं. पुनीमना आत." मी पायरी चढले. "घरनाच माणसेस्नी खादं."

आबा काहीतरी म्हणायला गेले. मी थांबले नाही. आत जाऊन लताला हाक मारली, "माळ्यावरचा तो चार खणांचा डबा काढ गं. उद्यापासून दोघींचा जायचा आहे."