दोन बेडच्या मधला बॉक्सर

मी डायलिसिसचं मशीन बोलतोय. दचकू नका. माझं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणतात, त्याची मला सवय आहे. दिसायला मी अगदी साधा. चाकांवरचं एक उभं कपाट, वर छोटा पडदा आणि पोटावर गोल फिरणारा पंप. ज्यांची मूत्रपिंडं काम करेनाशी होतात, त्यांचं रक्त एका नळीतून माझ्याकडे येतं, गाळणीतून जातं आणि साफ होऊन दुसऱ्या नळीतून परत जातं. एका वेळी चार तास, आणि असं एक दिवसाआड. हे थांबवलं तर माणूस फार दिवस जगत नाही. माझ्याबद्दल एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

मला ज्या कारखान्यात जोडलं, तिथे शेवटची तपासणी एका बाईनं केली. सगळे दिवे हिरवे लागल्यावर तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि ती डबा खायला गेली. तिथून मी खोक्यात बसून थेट या हॉलमध्ये आलो. खिडकीजवळचा बेड माझा. तेव्हापासून मी इथून हललेलो नाही.

माणसं मी आतून पाहिली आहेत, त्यामुळे बाहेरून मला फसवणं अवघड. कोण चोरून पाणी पिऊन आलंय, कोणी लोणचं चाटलंय, सगळं माझ्याकडे उघड होतं. सुई टोचताना कोण कुठे बघतो, यावरूनही माणूस कळतो. कोणी छताकडे बघतं, कोणी सिस्टरच्या तोंडाकडे. लिफ्टवाले काका मात्र सुईकडेच बघायचे, चूक काढायला.

काकांचं सगळं आयुष्य उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. हाताचे पंजे असे, की सिस्टरच्या हातातली चिकटपट्टी त्यांच्यापुढे केविलवाणी वाटायची. डाव्या हाताची शीर फुगावी म्हणून त्यांना रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. ते तो दाबायचे आणि कुरकुरायचे. काकू बाहेर बाकावर स्वेटर आणि थर्मास घेऊन बसायच्या. चार तासांत एकदाही उठायच्या नाहीत.

एके दिवशी सुई लागल्यावर काका हळूच म्हणाले, "सिस्टर, हा महिना भरला की बस्स. मी येणार नाही. हिला यातलं काही बोलू नका."

सिस्टरनं हातातलं काम थांबवलं. "काका, येणं बंद केलं तर काय होतं ते माहितेय ना?"

"माहितेय म्हणूनच सांगतोय. किती दिवस त्या बाकावर बसवू तिला?"

रागाचा स्वर होता, पण मला त्यांचं रक्त ठाऊक होतं. ते घाबरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कोणाला सांगत नव्हते एवढंच.

शेजारच्या बेडवर एक मुलगी असायची. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. नाकावर दरवेळी वेगळी फ्रेम. ती एका छोट्या स्टँडवर फोन उभा करून चार तास काहीतरी बघत बसायची. तिनं काकांचं बोलणं ऐकलं होतं. उपदेश केला नाही, रडलीही नाही. पुढच्या खेपेला तिनं फोनचा स्टँड दोन बेडच्या मधल्या टेबलावर ठेवला, अर्धा स्वतःकडे आणि अर्धा काकांकडे.

"या वयात कार्टून बघतेस?" काकांनी विचारलं.

"कार्टून नाही काका, ॲनिमे. जपानी मालिका, बॉक्सिंगची आहे."

"चित्रच ना? मग कार्टून."

"बरं, कार्टून. बघायचं नसेल तर खिडकीकडे तोंड करा."

काकांनी खिडकीकडे तोंड केलं. खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीखेरीज काहीही नाही, हे मी इतकी वर्षं बघतोय. थोड्या वेळानं त्यांची मान इकडे वळली.

गोष्ट साधी होती. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलणारा एक पोरगा. बॉक्सर व्हायचंय, पण भित्रा. प्रत्येक लढतीआधी त्याला उलटी व्हायची. तोंड धुऊन तो हातांना पट्ट्या बांधून घ्यायचा आणि रिंगमध्ये चढायचा. जिंकायचा क्वचित. सुजलेला डोळा घेऊन दुसऱ्या सकाळी कारखान्यात हजर व्हायचा. तिथले कामगार त्याच्या डोळ्यावर बर्फाचा तुकडा धरायचे आणि त्याची टर उडवायचे.

"एवढा मार खाऊन परत जातो? डोकं फिरलंय का त्याचं?" काका म्हणाले.

"मला कसं ठाऊक? बघत राहा."

त्यात एकदा जुनी इमारत दाखवली. काका लगेच ताडकन बोलले, "ही लिफ्ट चालायचीच नाही. वजनाचा ठोकळा कुठाय हिचा?" चष्मेवाली इतकी हसली की सिस्टरनं दोघांना दटावलं.

काकांनी एक दिवस पुढचा भाग मागितला. घरी फोन आहे, नाव सांग, बघतो म्हणाले. तिनं साफ नकार दिला.

"हे फक्त इथेच बघायचं, असा माझा नियम आहे. पहिल्या वर्षी मी जिन्यापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. आई खालून ओढत आणायची. मग ठरवलं, हे सुईच्या बदल्यात. इथे यायला काहीतरी कारण नको का, काका?"

महिना भरला. काका आले. पुढचा महिनाही सुरू झाला, तरी येतच राहिले. सिस्टरनं तो विषय काढला नाही आणि मी तर काय, मुका. पण मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

मग ती मोठी लढत आली. बर्फवाल्यासमोर त्याच्या दुप्पट रुंदीचा गडी. मी माझं काम शांतपणे करत होतो. समोरच्यानं उजवा हात फिरवला आणि काकांनी चक्क डोकं खाली घालून सुईचा हात छातीशी घेतला. नळी मुडपली, माझा दाब चढला, मी कर्कश ओरडलो. त्याच क्षणी शेजारचं मशीनही ओरडलं, कारण चष्मेवालीनंही तेच केलं होतं.

सिस्टर धावत आली. दोन मोठी माणसं हात सरळ करून छताकडे बघत पडलेली.

"काय चाललंय? काका, तुम्हीसुद्धा?"

"तो ठोसा लागला असता," काका म्हणाले.

मी आजवर शेकडो वेळा ओरडलो असेन. पण त्या दिवशी मी आनंदानं ओरडलो असं म्हटलं तरी चालेल. जगायचा कंटाळा आलेला माणूस ठोसा चुकवत नाही.

लढत अर्ध्यावर असताना चार तास संपले. "उरलेलं परवा," ती फोन बंद करत म्हणाली.

परवा तिचा बेड रिकामा होता. नवी चादर घातलेली. काकांना माझ्याशी जोडल्यावर त्यांनी विचारलं, "चष्मेवाली आज दुसऱ्या वेळेला आहे का?"

सिस्टर त्यांच्या बेडच्या कडेला बसली. सिस्टर एरवी कधी बसत नाही. म्हणाली, "काका, तिच्या रक्तात जंतू पसरले. सगळे प्रयत्न केले. काल दुपारी गेली."

काकांचा दाब भराभर उतरला. तो पडद्यावर मलाच दाखवावा लागला. सावरल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला सोडवा." चार तास व्हायला बराच अवकाश होता. सिस्टरनं समजावलं, डॉक्टर येऊन बोलले, काका ऐकेनात. स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेले. दारातून मला काकू दिसल्या. थर्मास अजून उघडलाही नव्हता.

पुढच्या खेपेला सकाळी सिस्टरनं मला तयार केलं. माणूस जोडण्याआधी माझ्या नळ्यांतून मिठाचं पाणी फिरवतात. ते फिरत होतं. काकांची वेळ झाली, टळली. शेजारच्या बेडवर दुसरं कोणीतरी येऊन चालूही झालं. सिस्टर तीनदा दारापर्यंत जाऊन आली. माझ्या आत नुसतं पाणी गोल गोल फिरत राहिलं. इतकी वर्षं मी अनेकांची वाट पाहिली, पण तेवढी कोणाचीच नाही.

शेवटी दार उघडलं. काका भिंतीला धरून येत होते, काकू मागे.

"सकाळपासून दोनदा उलटी झाली," काकू सांगत होत्या. "म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या. तर उठून तोंड धुतलं आणि म्हणाले, चल."

काका बेडवर आडवे झाले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. सिस्टरनं सुया लावल्या, पट्ट्या बांधल्या. ते त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मला वाटतं, मी काय विचार करत होतो तेच त्यांच्याही मनात होतं.

सिस्टरनं नंतर विचारलं, "नाव आठवतं का त्या कार्टूनचं? शोधून देते उरलेलं."

"नको. हरला असला तरी सकाळी कारखान्यात गेलाच असेल. तेवढं मला कळलंय."

त्यानंतर काका कधी चुकले नाहीत. महिन्यांची वर्षं झाली. मधल्या काळात त्या शेजारच्या बेडवर एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. गडी धिप्पाड, पण पहिल्या दिवशी त्याचे दात वाजत होते. काकांनी त्याच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली, "एक पोरगा होता. बर्फाच्या कारखान्यात कामाला. भित्रा नंबर एक." ड्रायव्हरची मान हळूहळू वळली. मधल्या टेबलावर फोन नव्हता, पण दोघं तिकडेच बघत होते.

आता माझं ऐका. माझा पंप अडखळतो. पडद्यावरचे आकडे पुसट झालेत. काल इंजिनियर येऊन माझ्या कपाळावर लाल चिठ्ठी चिकटवून गेला. दारापाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं नवं मशीन उभं आहे. मला दुःख नाही, माझी पाळी संपली. मला फक्त त्या नव्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

बाबा रे, खिडकीजवळचे म्हातारे काका तुझ्याकडे येतील. तुझ्या सुयांत ते चुका काढतील, मनावर घेऊ नकोस. तिसऱ्या तासाला त्यांचा दाब उतरतो. बोलता बोलता ते गप्प झाले तर समज, त्यांना त्रास होतोय. ते स्वतः सांगणार नाहीत. तू ताबडतोब ओरड, शरम बाळगू नकोस. आणि सकाळी ते जिन्यावर जरा थांबतात. तेव्हा नळ्यांत पाणी फिरवत ठेव. उशीर होईल, पण ते येतात.